नाल्यावरची मोजणी

आमच्या ऑफिसच्या पाटीवर ‘स्वतंत्र आर्थिक संशोधन व सल्ला’ असे पाच शब्द होते. त्यातला ‘व’ सोडला तर चांद्यातल्या लोकांना एकाचाही पत्ता लागत नव्हता. ‘आर्थिक’ वाचून लोक कर्ज मागायला यायचे आणि ‘सल्ला’ वाचून पत्रिका घेऊन यायचे. एकदा एक गृहस्थ मुलीची पत्रिका सरांच्या टेबलावर पसरून बसले. सर म्हणाले, “आम्ही भविष्य सांगत नाही.” गृहस्थ म्हणाले, “मंग त्या तांदूळवाल्याले गिरणी कुठी चालन ते कसं सांगतलं?” सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी टाइपरायटरच्या मागे तोंड लपवून पोटभर हसून घेतलं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि गडचिरोली, अहेरी, पार सिरोंचापर्यंतचं जंगल त्याच एका जिल्ह्यात होतं. सर मूळचे पुण्याचे. तिथल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. कुणाशी तरी वाजलं, राजीनामा तोंडावर फेकला आणि निघाले ते थेट आमच्याकडे. जिथं अजून कुणी काही मोजलेलं नाही अशा मुलखात त्यांना काम करायचं होतं म्हणे. आमच्याकडे मोजण्यासारखं पुष्कळ होतं, मोजून घ्यायची हौस मात्र कुणालाच नव्हती.

मी तिशी ओलांडलेली, मॅट्रिक झालेली बाई. दोन वर्षं शाळेत शिकवलं, पण हेडमास्तरांना माझं तोंड सोसवेना आणि मला त्यांचं डोकं. नवरा जंगल खात्यात कारकून, महिन्यातले वीस दिवस आलापल्लीच्या लाकूड-डेपोवर. तोच म्हणाला, “जा त्या सरांकडे. घरी भिंतीशी भांडून राह्यली, त्यापेक्षा तिथी पगार घेऊन भांड.” मी गेले. सरांनी मला फक्त एकच विचारलं, “बाई, तुम्हाला इथल्या लोकांची भाषा येते ना?” आता मी जन्मले चांद्याच्या बाबुपेठेत, मला नाही येणार तर काय पुण्याच्या पेठेतल्यांना येणार? पण पहिल्याच दिवशी हे तोंडावर कसं म्हणायचं, म्हणून नुसती मान हलवली.

काम तसं सोपं होतं. कुणाला मूल गावात तांदळाची गिरणी घालायची असे, कुणाला अहेरीला कापडाचं दुकान. धंदा चालेल की नाही ते सर त्या गावी जाऊन, लोकांना विचारून, बाजारात हिंडून ठरवायचे. मग मी कार्बन लावून तीन प्रतींत अहवाल टाइप करायची. अहवालाच्या शेवटी सल्ला. तो बहुतेक वेळा ‘हा धंदा करू नये’ असाच असायचा. अहेरीच्या कापडवाल्याला आम्ही स्पष्ट लिहून दिलं होतं की दुकान सहा महिने टिकणार नाही. त्यानं आमचं न ऐकता दुकान घातलं, ते झकास चाललं, आणि दर दिवाळीला तो सरांना न चुकता पेढ्यांचा पुडा पाठवायचा. सर तो पुडा उघडून कडू तोंडानं एक पेढा खायचे आणि म्हणायचे, “अपवाद.” बाकीचे पेढे मी घरी न्यायची.

पण थट्टा बाजूला ठेवते. पाटीवरच्या ‘स्वतंत्र’ या शब्दापायी सरांनी पुष्कळ सोसलं होतं. काम देणाऱ्याला आवडेल ते लिहायचं नाही, जे दिसलं तेच लिहायचं. एका सावकारानं चहाच्या कपावरून हळूच सुचवलं होतं की अहवालात एक-दोन आकडे इकडचे तिकडे करता आले तर बरं. सरांनी त्याचा कप अर्धा असतानाच उचलून नेला होता. मला म्हणाले, “आपल्याकडे विकायला दुसरं आहे काय बाई? आपला आकडा खरा, एवढंच.” सर मनापासून बोलले की त्यांचा आवाज बारीक व्हायचा, तसा तेव्हा झाला होता.

तर एका थंडीत आमच्याकडे मोटरवाले शेठ आले. मोटर म्हणजे प्रवाशांची बस, पण तेव्हा तिला बस म्हणायची पद्धत आमच्याकडे नव्हती. शेठच्या दोन मोटरी चांद्याहून चालायच्या आणि आता त्यांनी तिसरी घेतली होती. ती पोंभुर्ण्याहून मूलला सोडावी की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न. माणूस भला, तोंडात सदा पान. म्हणाले, “सर, मले बाकी काई नको. त्या रस्त्यानं मानसं किती जाते तेवढं सांगा. मोटर दारात उभी आहे, पंधरवड्यात कुठी तरी सोडाच लागन.”

सरांचे डोळे चमकले. असं काम त्यांना कधी मिळालं नव्हतं. पोंभुर्ण्याहून मूलकडे जाताना मध्ये एक नाला लागतो. आजूबाजूच्या साऱ्या पायवाटा त्या एका उतारावर येऊन मिळतात, तेव्हा मूलला जाणाऱ्या येणाऱ्या माणसाला तो ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. सरांनी ठरवलं की चार दिवस आपण दोघांनी नाल्यावर बसायचं, मी अलीकडे, ते पलीकडे. पाण्यातून गेलेल्या प्रत्येक माणसाची दोघांनीही आपापल्या कागदावर रेघ मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी. संध्याकाळी कागद ताडून पाहायचे. दोन वेगवेगळ्या माणसांचा आकडा जुळला की ते सत्य, असं सरांचं शास्त्र होतं.

कागदावर दोन रकाने आखले होते, ‘रिकाम्या हाताने’ आणि ‘ओझ्यासह’. आणि एक कडक नियम होता. सर म्हणाले, “बाई, चेहरे पाहायचे नाहीत. चेहरा पाहिला की माणूस ओळखीचा होतो, आणि ओळखीचा माणूस नीट मोजता येत नाही. पाय पाहायचे आणि डोक्यावरचं ओझं पाहायचं.” मी म्हटलं, “आणि मधलं काय करायचं?” तर म्हणाले, “मधलं आपल्या कामाचं नाही.”

बैलबंडीनं आम्ही नाल्याजवळच्या गावात पोचलो. भाताची कापणी उरकली होती, खाचरांच्या बांध्या कोरड्या पडल्या होत्या, तलाव मात्र काठोकाठ. तलावाच्या पाळीखाली ढिवरांची वीस-पंचवीस घरं. पुरुषांनी तलावात जाळं टाकायचं आणि बायकांनी मासोळी विकायची, ही त्यांची पिढ्यान् पिढ्यांची वाटणी. सरांची सोय शाळेच्या खोलीत झाली. ते चार दिवस वरण-भात आणि स्वतः उकळलेलं पाणी यांवर राहिले, तेही संशयानं वास घेऊन. माझी सोय झाली मावशीकडे.

मावशी म्हणजे ढिवरांच्या बायकांची म्होरकी. पन्नाशीची असेल, पण चालताना सत्तरीची वाटायची, कारण तिचे दोन्ही गुडघे गेले होते. उठताना आधी जमिनीला हात, मग भिंतीला हात, मग देवाचं नाव, असं करत ती उभी राहायची. एकदा उभी राहिली की मात्र तिच्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. पहिल्याच संध्याकाळी तिनं मला झिंग्यांची भाजी आणि गरम भात वाढला आणि माझी झडती सुरू केली. नवरा काय करतो, मुलं काऊन नाईत, आणि तो पलीकडचा सायेब पानी हुंगून काऊन पिते.

मग तिनं आपलं सांगितलं. मूलच्या आठवडी बाजारात चिंचेखाली तिची बसायची जागा होती. तिच्या सासूची सासू तिथं बसायची. त्या बाजारात जागेला पावती नव्हती, कागद नव्हता. रीत एवढीच की सलग तीन बाजार जागा रिकामी राहिली, तर चौथ्या बाजारी जो कुणी टोपली ठेवील त्याची ती जागा झाली. त्यावरून कुणी भांडत नसे. मावशीला त्या वर्षी दोन बाजार सलग चुकले होते. तिसऱ्याला ती पाच कोस अक्षरशः बसत-उठत गेली होती, जागा राखायला. पोरगा तलावात. सून पहिलटकरीण, माहेरी गेलेली. दुसरं कोण जाणार? ती म्हणाली, “जागा गेली का मंग मासोळी दलालाच्या सायकलवर घालाची आन तो जे दे ते घेऊन चूप बसाचं. मी काई चूप बसनारी नोहो, बाई.”

ते मला दिसतच होतं. मी हसले आणि आम्ही कशाला आलो ते तिला सांगितलं. नाल्यावरून जाणारी माणसं मोजायची, माणसं भरपूर दिसली तर शेठ मोटर सुरू करणार. मोटर सुरू झाली तर तिला पाच कोस चालायला नको. मावशी टक लावून माझ्याकडे बघायला लागली. इथं मी थांबायला हवं होतं. पण मला थांबायची सवय कुठली? मी आणखी शहाणपणा केला. कागद काढून तिला दोन रकाने दाखवले आणि म्हणाले, “यात ओझंवाली माणसं जास्त दिसली तर फारच छान. ओझं असलेला माणूस मोटरीत हमखास बसणार.”

मावशीनं फक्त “असं का?” म्हटलं आणि भांडी उचलली.

पहिल्या दिवशी मी झाडाखाली सतरंजी टाकून बसले. पलीकडे सर छत्री उघडून, कोट घालून, स्टुलावर. माणसं तुरळक. एक तलाठी, एक मास्तर, सासरी चाललेली एक पोर आणि तिचा बाप, धानाची पोती घेऊन जाणाऱ्या दोन बंड्या, दोन-चार मासोळीवाल्या. दुपारनंतर तर कुणी फिरकलंच नाही आणि मला डुलकी लागली. संध्याकाळी कागद ताडले. आकडा जुळला, पण इतका लहान की सरांनाही त्याचा आनंद होईना. मला मावशीचं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि नाल्यावर जत्रा लोटली. बायकाच बायका, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, टोपलीवर पळसाची ओली पानं झाकलेली. जायच्या, थोड्या वेळानं यायच्या, परत जायच्या. माझी पेन्सिल दम घेईना. पलीकडून सर छत्री उंचावून मला खूण करत होते, ‘छान चाललंय.’ मी नियमाप्रमाणे पाय बघत होते. पण पायांनाही चेहरा असतो हो. डाव्या पायाच्या दोन बोटांत जोडवी आणि टाचेला मोठी भेग असलेला पाय मी सकाळपासून तिसऱ्यांदा पाहिला, तेव्हा मान वर केली.

वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. सारं गाव निघालं होतं. ज्यांचा मासोळीशी सात जन्मांचा संबंध नाही अशा कुणब्यांच्या बायका उसन्या टोपल्या घेऊन पाण्यात उतरल्या होत्या. गावचा न्हावी मासोळीच्या वासानं नाक वाकडं करत टोपली अंगापासून हातभर लांब धरून चालला होता. एकजण जाताना डोक्याला लाल फडकं बांधून गेला आणि येताना पांढरं बांधून आला. मधल्या रिकाम्या वेळात त्यानं झाडामागे उभं राहून बिडीही ओढून घेतली. टोपल्या रिकाम्या होत्या, ते तर आंधळ्यालाही कळलं असतं, कारण भरल्या टोपलीखाली मान जशी ताठ राहते तशी एकीचीही नव्हती. एक बकरीसुद्धा चार वेळा गेली, पण तिची रेघ मारली नाही. तेवढी मी प्रामाणिक राहिले.

खरं तर मी पेन्सिल खाली ठेवायला हवी होती. उठून पलीकडे जाऊन सरांना सांगायला हवं होतं. त्यांना बिचाऱ्यांना काही दिसत नव्हतं. चेहरे पाहायचे नाहीत हा नियम त्यांनी केला आणि तो पाळणारे जगात ते एकटेच. पण मला गंमत वाटत होती, आणि गमतीपेक्षा जास्त म्हणजे ती मोटर यावी असं मला मनातून वाटत होतं. तलाठी आणि मास्तर चालले काय आणि बसले काय, मला त्यांचं काही नव्हतं. मला मावशीची जागा राहायला हवी होती.

आणि मग मावशी स्वतः आली. डोक्यावर टोपली, एका हातात काठी. माझ्याकडे न बघता पाण्यात उतरली. पाणी गुडघ्याच्या खालीच होतं, पण पौषातलं, बर्फासारखं, आणि तळाला गोटे. पहिल्यांदा गेली तेव्हा गालातल्या गालात हसत होती. परत आली तेव्हा हसत नव्हती. मला वाटलं झालं हिचं. तर घटकाभरानं पुन्हा उतरली. दुपार कलताना मी तिला नाल्याच्या मधोमध थांबलेलं पाहिलं. काठी दोन्ही हातांनी धरलेली, ओठ दाताखाली दाबलेला, टोपली तिरकी झालेली. मी हाक मारली असती तर ती माघारी फिरली असती, पण मग सरांनी मान वर केली असती. मी हाक मारली नाही. ती काठावर चढली आणि मी ‘ओझ्यासह’ रकान्यात रेघ मारली.

संध्याकाळी मी तिला झापलं. म्हटलं, “मावशी, ही लबाडी झाली.” ती चुलीपुढे पाय पसरून बसली होती, गुडघ्यांना एरंडाची गरम पानं बांधून. म्हणाली, “लबाडी कायची? आमीच गेलो ना पान्यातून? दुसऱ्या गावचं भाड्याचं मानूस आनलं का?” मी म्हटलं, “पण एकच माणूस कितीदा जाणार?” तर म्हणाली, “जेवढे बाजार चुकले आमचे, तेवढ्या चकरा मारल्या समज. जावाचंच होतं ना आमाले? पाय नाई म्हने म्हून घरी राह्यलो.” सरांच्या जाडजूड पुस्तकांत याला काहीतरी लांबलचक नाव असणार, पण मावशीइतकं नीट त्यांनाही सांगता आलं नसतं. मला ते इतकं पटलं, की पुढचे दोन दिवस मी तो तमाशा निमूट बसून पाहिला आणि रेघा ओढल्या. त्या दोन दिवसांत मावशी आली नाही. ती उठूच शकत नव्हती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कागद ताडले. चारही दिवसांचा आकडा जुळला, अगदी एकाही रेघेचा फरक नाही. सरांनी माझ्याशी हात मिळवला. पुण्याचा माणूस परक्या बाईशी हात मिळवतो म्हणजे आनंद किती असेल बघा. “दोन स्वतंत्र मोजण्या, बाई,” ते म्हणाले. परतताना बंडीत ते चक्क गुणगुणत होते. मी चांद्याला येऊन अहवाल टाइप केला. आकड्यांच्या ओळीपाशी बोटं जराशी अडखळली. पण मी स्वतःची समजूत घातली की मोटर सुरू झाल्यावर माणसं खरोखरच वाढतील, मग आजचा खोटा आकडा उद्या आपसूक खरा होईल. अशी समजूत घालायला फार हुशारी लागत नाही.

ठरल्या दिवशी शेठ आले. सरांनी त्यांना चहा दिला आणि अहवाल पुढे ठेवला. शेठनी पानाचा तोबरा सांभाळत, ओळीवर बोट ठेवून, सावकाश वाचायला घेतलं. एकूण माणसांच्या आकड्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या. मी मनात म्हटलं, जमलं. मग बोट खाली सरकलं आणि ‘ओझ्यासह’ वर थांबलं. त्याखाली सरांनी तपशील दिला होता, बहुतेक ओझी मासळीच्या टोपल्यांची. शेठनी अहवाल मिटला. उठून खिडकीतून पिंक टाकली आणि परत येऊन बसले.

“नाई जमत, सर,” ते म्हणाले.

सर म्हणाले, “माणसं कमी वाटतात?”

“मानसं बहुत आहे. पर एवढी मासोळी?” शेठ खरंच दुःखी दिसत होते. “माही मोटर नवी आहे. इतक्या टोपल्या घेतल्या तं मासोळीची बंडी होऊन जाईन. गादीवर पानी गळन. मास्तर-तलाठी त्या वासात बसतीन का? आन मासोळीवाल्यांले नाई म्हटलं, तं तुमीच लिहून राह्यले का अर्ध्याहून जास्त मानसं तेच आहे. मंग बसवू कोनाले?” मग म्हणाले, “मी तं विचार केला होता, का चार मानसं कमी असली तरी चालू करून देऊ. मोटर दिसली का मानसं वाढते. दोन-चार टोपल्या असत्या तं टपावर टाकल्या असत्या, काई बिघडत नाई.”

दोन-चार टोपल्या. पहिल्या दिवशी तेवढ्याच होत्या. मावशीची टोपली त्या टपावर मावत होती.

मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. उसन्या टोपल्या, न्हावी, लाल फडकं, पांढरं फडकं, सगळं. सांगताना एरवी मला हसू आलं असतं. कुणीच हसलं नाही. सर टेबलावरच्या कागददाबाकडे बघत होते. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि इतकंच विचारलं, “मंग बाई, आता यातला कोनता आकडा खरा धरू मी?” मी म्हटलं, “पहिल्या दिवसाचा.” ते म्हणाले, “तो तरी काऊन धरू?”

सर म्हणाले, “पुन्हा मोजतो. उद्याच निघतो. मी स्वतः.” शेठनी नकारार्थी मान हलवली. मोटर आमच्या रस्त्याला सोडा म्हणून सिंदेवाहीकडून दोन वेळा माणसं येऊन गेली होती, आणि मोटर दारात उभी ठेवणं आता त्यांना परवडत नव्हतं. ते गेल्यावर मला वाटलं, सर आता आपल्याला काढून टाकणार, आणि काढलं तर बरंच. पण ते बारीक आवाजात म्हणाले, “बाई, तुम्ही चेहरे पाहिलेत?” मी हो म्हणाले. “आणि मला सांगितलं नाही.” मी पुन्हा हो म्हणाले. त्यांनी छत्री उचलली आणि भर दुपारी, ऊन नसताना, ती उघडून रस्त्यानं निघून गेले. मला रडू आलं. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मीही चार ऐकवल्या असत्या, आणि मोकळी झाले असते.

मावशीला कुणीतरी सांगायला हवं होतं. पोस्टकार्ड टाकता आलं असतं. पण ते वाचून दाखवायला तलाठी लागला असता, आणि ही गोष्ट तलाठ्याच्या तोंडून तिच्या कानावर जावी, हे मला नको होतं. धीर गोळा व्हायला दोन-तीन आठवडे गेले, मग मी बंडी करून गेले. महाशिवरात्र जवळ आली होती, पळसाला कळ्या धरल्या होत्या. मावशी खाटेवर होती. खाट अंगणात उन्हाला टाकलेली, गुडघे सुजून घड्याएवढे झालेले. मी काही विचारायच्या आत तिनंच सांगितलं, की चिंचेखालच्या जागेवर मागच्या बाजारापासून केळीवाली बसते. तीन बाजार झाले होते. तिनं ते पाण्याचा लोटा पुढे करावा तसं, सहज सांगितलं.

मग म्हणाली, “मोटर कवा येते?”

वाटेत मी बरीच खोटी कारणं जमवली होती. पेट्रोल नाही, परवाना मिळत नाही, शेठ आजारी आहेत. तिच्यासमोर बसले तेव्हा एकही तोंडातून निघालं नाही. मी खरं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. टोपल्या फार झाल्या, शेठ घाबरले, आणि थोड्या असत्या तर त्यांनी त्या टपावर घेतल्या असत्या, हेही सांगितलं. दोष माझा, रकाना मी दाखवला, हेही.

तिनं तलावाकडे बघितलं. मग म्हणाली, “म्हंजे आमी चाललो नसतो, घरी बसून राह्यलो असतो, तं मोटर आली असती?”

मी म्हणाले, “आली असती.”

तिनं सुजलेल्या गुडघ्यावरचं वाळलेलं पान काढलं, चुरगाळलं आणि खाली टाकलं. “त्या दिवशी चारदा गेली मी त्या थंड्या पान्यातून,” ती म्हणाली, “तवापासून उठलीच नाई.”

“सहादा,” मी म्हणाले. “माझ्याकडे लिहिलेलं आहे.”